डेकवरची वाकडी पट्टी

२ मार्च

आमच्या दातांच्या लॅबला मेण आणि प्लास्टर पुरवणारा दुकानदार दर नव्या वर्षी एक डायरी देतो. प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसरा दात छापलेला. आजवर या डायऱ्या फोनपाशी पडून असायच्या, त्यांत फार तर गॅसवाल्याचा नंबर. या वर्षी लिहायला घेतलीय, कारण घरात बोलायला माणूस उरलेला नाही. आमचे हे मुळातच तोंडात मूग धरून बसणारे, आणि आता सासऱ्यांनीही बोलणं सोडलंय.

सासऱ्यांना आम्ही कप्तान म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर बाबा. त्यांनी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात कारकुनी केली, जहाजावर कधी पाय ठेवला नाही. पण त्यांच्या काकांनी हाताने बनवलेली एक शिडाची बोट त्यांच्याकडे आहे. हातभर लांब, शंभरीला टेकलेली. दर रविवारी ते ती काखेत मारून बागेतल्या तळ्यावर जायचे आणि सोडायचे. कप्तान हे नाव तिथल्याच मुलांनी ठेवलं.

गेल्या आठवड्यात बोट पुसायची म्हणून ते स्टुलावर चढले आणि कपाटावरून ती काढताना पडले. माणूस आणि बोट एकदमच खाली. माणसाचा गुडघा खरचटला, बोटीचा डेक फुटला. मी धावत गेले तेव्हा ते गुडघ्याकडे बघत नव्हते, बोटीकडे बघत होते.

त्याच संध्याकाळी वन्सं येऊन धडकल्या. वन्सं म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, शाळेच्या मुख्याध्यापिका. घरातही घंटा दिल्यासारख्या बोलतात. "या वयात स्टुलावर चढता? आता एक शब्द बोलायचा नाही, बाबा! गप्प बसून राहायचं आणि कशालाही हात लावायचा नाही!" एवढं ओरडल्या आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या पदराला डोळे पुसत रडल्या.

तेव्हापासून कप्तान पुढच्या खोलीत खुर्चीत बसून आहेत. डॉक्टर दोनदा बघून गेले. पाय ठीक, जीभ ठीक, डोकं ठीक. "मनाने घेतलंय," म्हणाले. मनाने घेतलं तर ते परत कसं काढून घ्यायचं, हे मात्र सांगितलं नाही.

५ मार्च

वन्संचा फोन. त्यांच्या गावाजवळ एक चांगलं वृद्धनिवास आहे, तिथली एक खोली महिनाअखेरीस रिकामी होतेय. तोवर बाबांमध्ये फरक पडला नाही तर त्यांना तिथे ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. "तिथे नर्स असते गं. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. पुन्हा पडले तर?" यांनी फोनवर पाच मिनिटं फक्त "हं" केलं.

खरं लिहायचं तर ऐकल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं. उठवा, बसवा, भरवा, आंघोळ घाला, आणि समोरून एक अक्षर नाही. मग लगेच लाजही वाटली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या नोकरीला सगळ्यांनी नाकं मुरडली होती. सून लोकांच्या कवळ्या करते म्हणजे काय! तेव्हा एकटे कप्तान म्हणाले होते, "का? लोकांनी जेवू नये?" विषय तिथेच संपला.

त्या माणसाला आम्ही खोली बघतोय.

फोन ठेवता ठेवता वन्सं म्हणाल्या, "आणि ती मोडकी बोट आधी फेकून दे. तिच्यापायीच झालं हे सगळं." फोन पुढच्याच खोलीत आहे आणि वन्संचा आवाज फोनबाहेर पोचतो. कप्तानांनी मान भिंतीकडे वळवली.

मी बोट उचलून माझ्या मागच्या खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवली.

७ मार्च

बोट नीट पाहिली. अंग शाबूत आहे. डोलकाठी निखळली आहे, पण मोडलेली नाही. खरं दुखणं डेकचं. फिक्या लाकडाच्या बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या एकमेकींना खेटून चिकटवल्यात, आणि दर दोन पट्ट्यांमध्ये काळ्या दोऱ्याची बारीक रेघ. मधल्या पट्ट्या तुटल्यात, कडेच्या उचलल्या गेल्यात. आणि सगळ्यावर वर्षानुवर्षं चढवलेलं व्हार्निश, मधासारखं पिवळं आणि जाड.

म्हणजे किडलेले दात, हललेल्या हिरड्या आणि वर पिवळा थर. माझ्याच हातचं काम आहे.

हे दारात उभे राहून म्हणाले, "जमेल?"

"लाकडाचं कधी केलं नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय, तोंड आ करून समोर बसलेलं पेशंट तर नाही ना! चुकलं तर ओरडणार नाही."

ते हसले. या आठवड्यात घरात हसण्याचा आवाज पहिल्यांदाच झाला. पुढच्या खोलीत खुर्ची करकरली, पण मी गेले तोवर कप्तान होते तसेच होते.

११ मार्च

जुना सरस वाफेने सुटतो. किटलीच्या तोंडाशी बोट धरायची, मेण कापायची सुरी गरम करून पट्टीखाली हळूच सरकवायची आणि वाट बघायची. जोर लावला की पट्टी तुटते. अक्कलदाढ काढताना डॉक्टर जे पेशंटला सांगतात तेच मी पट्ट्यांना सांगत होते: झालं, झालं, थोडंच राहिलं.

सगळ्या पट्ट्या सुटल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर घातला आणि खिडकीत उन्हात वाळत ठेवल्या.

सकाळी मी लॅबला जाते, माझ्यामागून हे त्यांच्या विमा कचेरीत. दुपारी मी परते तोवर कप्तानांपाशी एक मावशी येऊन बसतात. बडबड्या आहेत, पण जीव लावणाऱ्या. आज जाताना म्हणाल्या, "आज मालकांनी सगळं सूप संपवलं हो." वाटी खरंच चकचकीत होती. मला शंका आली की सूप मावशींनीच संपवलं की काय. शंका लिहून ठेवतेय, म्हणजे डोक्यातून जाईल.

१२ मार्च

लॅबमधून आले तर पट्ट्या खिडकीत नव्हत्या! पाहते तर पलंगाखाली सावलीत, दोन पाटांच्या मध्ये दाबलेल्या, आणि वर वजनाला इस्त्री. मग माझ्या लक्षात आलं. उन्हात ठेवल्या असत्या तर सगळ्या धनुष्यासारख्या वाकल्या असत्या. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

माझ्यानंतर घराबाहेर पडतात ते हेच. संध्याकाळी विचारलं, "इस्त्री तुम्ही ठेवलीत?"

"कसली इस्त्री?" म्हणाले. चेहरा अगदी भोळा सांब.

माणसाला स्वतःचं कौतुक करून घेता येत नाही, काय करणार! बापाच्या बोटीसाठी जीव तुटतो, पण बोलून दाखवणार नाहीत. मी जास्त खोदलं नाही.

१५ मार्च

आज मी माती खाल्ली.

पट्ट्यांवरचं व्हार्निश स्पिरिटने पुसत होते. हात लावू तिथे चिकट पिवळा थर सुटत होता आणि खालून कोवळं लाकूड वर येत होतं, त्या आनंदात मी एकामागून एक सगळ्या पुसून काढल्या. व्हार्निशबरोबर पेन्सिलचे नंबरही गेले. लॅबमध्ये आम्ही नंबर प्लास्टरवर कोरतो, त्यामुळे पुसले जाण्याची सवयच नाही. आता टेबलावर पट्ट्यांचा ढीग आहे आणि कुठली डावी, कुठली उजवी, कुठली पुढची, काही कळत नाही. सगळ्या सारख्या दिसतात, आणि एकही दुसरीच्या जागी बसत नाही.

रडू आलं. कप्तानांसमोर स्टुलावर जाऊन बसले आणि सांगून टाकलं, "बाबा, मी घोळ घातला. तुमची बोट आता काही जुळत नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलल्यासारखे वाटले. मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

१६ मार्च

लॅबमधून यायला उशीर झाला. मागच्या खोलीत गेले तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर सगळ्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या. बोटीचा आकार जसाच्या तसा. तुटलेल्यांचे तुकडेसुद्धा जोडून ठेवलेले. एका पट्टीवर लाकडाच्या गाठीचा गोल डोळा आहे, तो बरोबर डोलकाठीच्या भोकाशेजारी आलाय.

मी उभ्या उभ्या हसत सुटले. लहानपणी बघितलेली बोट, यांच्या कशी लक्षात राहिली असेल! संध्याकाळी यांना त्यांच्या आवडीचं मसाल्याचं डबल ऑम्लेट करून वाढलं.

"आज काय विशेष?" म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

ते विचारात पडून खात राहिले. माझा वाढदिवस विसरलो की काय, असं काहीसं चेहऱ्यावर होतं.

मावशी आज जाताना उगाच हसत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही हो बाई."

२० मार्च

तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या लागणार. सुताराकडून फिकं लाकूड आणलं, ब्लेडने सोलून पातळ केलं, पॉलिश पेपर मारला. भुसा घरभर. कप्तानांच्या सपातांनासुद्धा लागला, खाली तळव्यापर्यंत. हा भुसा वाऱ्यावर कुठे कुठे जातो कोण जाणे. ब्लेडला फार धार आहे, म्हणून ते टेबलावर न ठेवता खालच्या खणात मेणाच्या डब्यामागे ठेवते.

पट्ट्यांमधल्या रेघेसाठी शिलाईचा काळा दोरा शाईत भिजवून वाळत घातला. संध्याकाळी कप्तानांचे हात पुसताना अंगठ्याला शाई दिसली. मीच त्यांचा हात धरला तेव्हा माझ्या हाताची लागली असणार. साबणाने घासूनही गेली नाही.

वन्संचा फोन. खोलीची रंगरंगोटी झाली. खिडकीतून झाडं दिसतात म्हणे. एकतीस तारखेला गाडी घेऊन येतायत. बोलताना त्यांचा आवाज चिरकला. "मला तरी कुठे बरं वाटतंय? पण एक शब्द बोलत नाहीत गं ते माझ्याशी." मी म्हटलं, "आमच्याशीही नाही." आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तर सांगायचं कोणाला?

आज मला त्या खोलीचं हायसं वाटलं नाही.

२४ मार्च

डेक बसवायला घेतलाय. एक पट्टी, एक दोरा, एक पट्टी. प्रत्येकीला गोंद, वर कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. घरातले सगळे चिमटे बोटीवर असल्यामुळे आज यांचा शर्ट वाऱ्याने शेजाऱ्यांच्या गच्चीत जाऊन पडला.

२८ मार्च

सगळ्यात शेवटची पट्टी राहिली होती, डोलकाठीच्या पुढची, अगदी दर्शनी. डेक इतका सरळ झालाय की मलाच अभिमान वाटला. मग लांब उभी राहून पाहिलं आणि मन खट्टू झालं. खोटा दिसत होता. दुकानातला.

माझ्या वस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, "सगळे दात ओळीत लावशील तर अख्खं गाव म्हणेल, कवळी बसवली. एक दात किंचित तिरका लाव. तो तिरका दात बाकीच्यांना खरं करतो." आजवर मी केलेल्या एकाही कवळीत सगळे दात सरळ नाहीत, आणि एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

म्हणून शेवटची पट्टी मी केसभर तिरकी बसवली. पुन्हा लांब जाऊन पाहिलं. जिवंत वाटली. डोलकाठी परत खोचली, व्हार्निशचा पातळ हात मारला आणि खोलीचं दार लावून घेतलं, धूळ नको म्हणून.

३१ मार्च

आज सगळं नीट लिहिते.

वन्सं सकाळीच आल्या. कप्तानांची बॅग मी भरून ठेवली होती. भरताना दोनदा काढली, दोनदा भरली. वन्संनी चहा घेतला नाही. हे खिडकीशी उभे. आम्ही तिघं बोलत होतो, म्हणजे वन्सं बोलत होत्या. औषधं किती, चष्मा कुठे, लोकरीची टोपी घेतली का. कप्तान समोर बसलेले, आणि आम्ही ते तिथे नसल्यासारखं बोलत होतो.

मला ते सहन होईना. आत गेले, बोट आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "बाबा, जाण्याआधी एकदा बघा तरी. झाली."

त्यांनी चष्मा सारखा केला. अंगठा डेकवर ठेवला आणि मागून पुढे, पट्टी पट्टी करत नेला. डोळ्याच्या पट्टीवरून गेला, डोलकाठीला वळसा घातला, आणि थांबला. पुन्हा मागे आला. पुन्हा तिथेच थांबला.

"ही वाकडी आहे," कप्तान म्हणाले.

आवाज गंजलेला होता, पण त्यांचाच. वन्संच्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली.

मी घाबरून बोलून गेले, "मुद्दाम ठेवलीय बाबा. एक तिरकी असली की सगळं खरं वाटतं. आम्ही दातांचं तसंच..."

"ही बोट आहे," कप्तान म्हणाले. "कवळी नाही!"

आणि बोट छातीशी धरून उठले. काठी नाही, आधार नाही. सपाता फटफटवत मागच्या खोलीत गेले, खालचा खण उघडला, मेणाच्या डब्यामागून ब्लेड काढलं, टेबलाशी बसले आणि पट्टीच्या कडेला लावलं.

आम्ही तिघं दारात. मी यांना कुजबुजले, "ब्लेड कुठे असतं ते तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"मला अजून माहीत नाही ब्लेड कुठे असतं ते," हे म्हणाले.

मी सपातांकडे बघितलं. तळव्यांना भुसा होता. मग इस्त्री आठवली, वर्तमानपत्र आठवलं, सूप आठवलं, शाईचा अंगठा आठवला. मी डबल ऑम्लेट चुकीच्या माणसाला वाढलं होतं. तेवढ्यात मावशी आल्या, सगळ्यांना दारात गोळा झालेलं बघून कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कळलं वाटतं! मला शपथ घातली होती हो त्यांनी, खुणेनं! म्हटलं, माणूस उठतोय, जेवतोय, मग बोलला नाही तर नाही."

वन्सं टेबलाजवळ गेल्या. रडत होत्या आणि भांडतही होत्या. "मग माझ्याशी का नाही बोललात? एवढे दिवस?"

कप्तानांनी मान वर केली नाही. "तूच म्हणालीस, एक शब्द बोलायचा नाही."

"अहो, ते त्या दिवसापुरतं!"

"मुदत सांगितली नव्हतीस."

"आणि कशाला हात लावायचा नाही, हेही म्हणाले होते. ते बरं विसरलात!"

"ते मी ऐकलं नाही," कप्तान म्हणाले. "हिच्याने एकटीने होत नव्हतं."

वन्संना हसू फुटलं. पहिल्यांदा नाकातून, मग मोठ्याने, आणि त्या हसता हसता त्यांच्या बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी तिथूनच वृद्धनिवासाला फोन लावला आणि खोली दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. मी बॅग रिकामी केली. आयुष्यात कुठलंही सामान मी एवढ्या भराभर लावलं नसेल.

४ एप्रिल

नवी पट्टी कप्तानांनी स्वतः कापली, स्वतः घासली, स्वतः बसवली. मला फक्त चिमटे धरायला बसवलं. त्यांचा हात कापतो. गोंद लावताना पट्टी सरकली, त्यांनी सारखी केली, पुन्हा सरकली. मी आपली चिमटे धरून बसले.

चिमटे काढल्यावर पाहिलं. माझी केसभर तिरकी होती. त्यांची चांगली दोन केस तिरकी आहे.

कप्तानांनी अंगठा फिरवला. मागून पुढे, डोळ्यावरून, डोलकाठीला वळसा. त्या जागी आला, थांबला, आणि मग तसाच पुढे गेला.

"आता बघ," म्हणाले. "झाली की नाही सरळ?"

हे माझ्याकडे बघायला लागले. वन्सं फोनवर होत्या, त्यांना कप्तानांनी स्पीकरवर ठेवलं होतं, त्यांनीही विचारलं, "झाली ना गं?"

"एकदम सरळ, बाबा," मी म्हटलं.

उद्या रविवार आहे. बोट तळ्यावर जाणार. काखेत मारून ते नेणार आणि मी शेजारून चालणार, असं ठरलंय. स्टुलाला कोणी हात लावायचा नाही, असंही ठरलंय. बोट आता खाली, त्यांच्या खुर्चीजवळच्या तिवईवर राहील.

मघाशी दिवा लावायला गेले तेव्हा दारातून तिच्याकडे पाहिलं. लांबून, लॅबमध्ये पाहते तशी. अगदी खरी दिसते.